डोंगर जाणणाऱ्या बायका

मनन सावकाश करायचं असतं, म्हणून हेही सावकाश वाचा. जिथून डोंगर दिसतो अशा जागी, खिडकीशी, गच्चीवर किंवा गाडीची वाट पाहत फलाटावर बसता आलं तर उत्तम. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात आपलं लक्ष बहुतेक वेळ पश्चिमेकडे असतं. कारखाने तिकडे, समुद्र तिकडे, १९६९ पासून वीज देणारं देशातलं पहिलं अणुवीज केंद्रही तिकडेच. पाळी सुटली की रिक्षा गाठायची, रिक्षातून उतरलं की लोकल गाठायची, असा दिवस जातो. आज थोडा वेळ तोंड पूर्वेकडे करू या.

पालघरच्या मागे काळदुर्गाचा कातळ उभा आहे. मनोरच्या पुढे अशेरी, वाड्याच्या वाटेवर कोहोज, सफाळ्याकडे तांदुळवाडी, वसईकडे तुंगारेश्वर. आणखी आत गेलं की विक्रमगड, आणि घाट चढून जव्हार-मोखाडा. यांतला कोणताही एक डोंगर निवडा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. मात्र एकच निवडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत त्याला सोडू नका.

पहिल्या नजरेला रंग दिसतो. पावसाळ्यात हिरवा, होळीच्या सुमारास तपकिरी. बहुतेकांची नजर इथूनच परत फिरते. आपण ती तिथेच ठेवू. मग डोंगराच्या अंगावरच्या आडव्या पायऱ्या दिसू लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर बसले, त्यांच्या या कडा आहेत. पायऱ्यांमध्ये हिरव्या रेघा दिसतात. दोन थरांच्या मध्ये माती साठते, ओल टिकते, तिथे झाडं धरतात. त्या एकेका रेघेत किती जातींची झाडं असतील, किती पाली, बेडूक, कोळी, शेवाळं असतील, याचा अंदाज मनाशी करून पाहा. अंदाज येत नाही. येणारही नाही. आपण लहानपणापासून पाहत आलो तो डोंगर आपल्या ओळखीचा नाही, एवढंच या क्षणी कळलं तरी पुरे.

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीच्या जवळपर्यंत पसरलेली सुमारे १६०० किलोमीटरची ही पश्चिम घाटाची रांग जगातल्या सर्वांत समृद्ध जैवविविधतेच्या प्रदेशांपैकी एक आहे. २०१२ साली युनेस्कोने तिच्यातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातल्या चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पालघरचा एकही डोंगर त्या यादीत नाही. यादीत नसलेल्या डोंगराकडे बघायला फारसं कोणी येत नाही, आणि कोणी बघितलंच नाही तर तिथे काय आहे हे कळायचं कसं? २०२३च्या आरंभी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, मांजरे गावाजवळ, कमी उंचीवरचं बेसाल्टचं पठार नोंदवलं. उंचावरचे जांभ्याचे सडे (उघडे कातळ), सखल जांभ्याचे सडे आणि उंचावरची बेसाल्टची पठारं असे तीनच प्रकार तोवर या भागात माहीत होते. हा चौथा. तिथे २४ कुळांतल्या ७६ वनस्पती सापडल्या. एवढ्या गजबजलेल्या मुलखात, गावाला लागून, एक अख्खा प्रकारच नजरेआड राहिला होता.

इथे थोडं थांबा. आपल्या डोंगराकडे पुन्हा एकदा पाहा.

आता नजर डोंगरावरून खाली आणू. मे सरून पहिल्या सरी पडल्या की पालघर, बोईसर, डहाणूच्या बाजारात, स्टेशनच्या वाटेवर, पाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत शेवळांच्या जुड्या असतात. एक जुडी हातात घ्या. तपकिरी-जांभळट आवरण, आत लांबट दांडा, खाली पिवळसर दाणेदार भाग. घेणारी नवखी असली तर विकणारी बाई न विचारता सांगते की खालचं पिवळं काढून टाक, आणि काकडं घातल्याशिवाय शिजवू नकोस. ती आंबट हिरवी फळं तिच्याच टोपलीत बाजूला ठेवलेली असतात. काकडं नसतील तर चिंच, पण आंबट हवंच, नाहीतर घसा खाजून बेजार होतो. शेवळाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला टोचतात ते हेच. हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसायच्या कितीतरी आधी कोणीतरी हा भाग टाकून, तो ठेवून, हे फळ घालून, ते वगळून पाहिलं असेल. घसा खाजला असेल, पुन्हा करून पाहिलं असेल, आणि जमलेली रीत लेकीसुनांना सांगितली असेल.

शेवळाची आणखी एक गंमत आहे. जमिनीतून आधी फुलोरा येतो. तो सुकतो, मग त्याच कंदातून एकच मोठं पान येतं, छत्रीसारखं पसरलेलं. त्या पानाने कमावलेलं अन्न कंदात साठतं आणि पुढच्या वर्षी फुलोरा वर येतो. जूनमध्ये एकदाच डोंगरावर जाणाऱ्याला फुलोरा दिसेल, ऑगस्टमध्ये एकदाच जाणाऱ्याला पान दिसेल, आणि दोघांनाही ही दोन वेगळी झाडं वाटतील. ही एकच वनस्पती आहे हे वर्षभर त्या वाटेने जा-ये करणारीलाच कळतं. ही जात भारताबाहेर कुठे रानात उगवत नाही. आपण खातो तो तिचा फुलोरा आहे, म्हणजे खुडलेल्या प्रत्येक फुलोऱ्यामागे त्या साली बी धरायचं राहून जातं. मग किती खुडावं, किती ठेवावं? पूर्वी पाड्यापुरतं खुडलं जाई, आता शहराची मागणी आहे. याचं उत्तर टोपलीवाल्या बाईला एकटीला देता येणार नाही, वनस्पतिशास्त्रज्ञालाही एकट्याला नाही. दोघांनी एका उतारावर, काही वर्षं, शेवळं मोजत बसायला हवं.

डोंगर एका फेरीत कळत नाही. तो पुन्हा पुन्हा येणाऱ्याला, टिकून राहणाऱ्याला कळतो. हे वाक्य मनात घोळू द्या, कारण पुढचं सगळं त्याच्याच आधाराने आहे.

पालघरहून मनोरकडे जाताना काळदुर्गाच्या पायथ्याशी वाघोबा खिंड लागते. देवळासमोर गाडी हळू होते, चालणारा हात जोडतो. जिल्ह्यात वाघोबाची, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाची, अशी ठाणी ठिकठिकाणी आहेत, कुठे दगड, कुठे कोरलेली लाकडी फळी. २०२१ साली या ठाण्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रम्या नायर त्याच्या पहिल्या लेखिका, आणि विद्या अत्रेय यांचं त्याला मार्गदर्शन होतं. दोघी तेव्हा वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया या ना-नफा संस्थेच्या. विद्या अत्रेय यांनी त्याआधी अकोले तालुक्यातल्या उसात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला होता. या वेळी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून त्यांच्या चमूने वाघोबाची १५० ठाणी नोंदवली, वारली माणसांशी बोलून त्यांच्या कथा, विधी, वाघबारशीची पूजा समजून घेतली.

त्यांना काय आढळलं? वारली समाजाचं वाघोबाशी एक देणंघेणं आहे. माणसांनी पूजा करायची, मान द्यायचा, आणि वाघोबाने राखण करायची. म्हणून काही बिबट्या शेळी उचलायचा थांबत नाही. नुकसान होतं, राग येतो, भीतीही असते. पण त्या रागाला, भीतीला जायला एक जागा आहे, एक रीत आहे, आणि त्या रीतीमुळे माणूस आणि जनावर एकाच डोंगरावर राहू शकतात. झाडाला कॅमेरा बांधून बिबट्याचा फोटो मिळतो, पण ही गोष्ट हाती लागायला ओसरीवर बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, एकाच घरी परत जावं लागतं. वन्यजीवशास्त्रात माणसांचं ऐकणं हाही पुरावा गोळा करण्याचा मार्ग आहे, हे या कामाने आपल्याच मातीत दाखवून दिलं.

आता जरा उंच जाऊ, सह्याद्रीच्या सड्यांवर. सडा म्हणजे उघडा कातळ. सरकारी दप्तरात अशा जमिनींची गणना बहुधा पडीक म्हणून होते, आणि पडीक म्हटलं की खाण, पवनचक्क्या, रस्ते, बंगले यांना वाट मोकळी. डॉ. अपर्णा वाटवे यांनी वर्षानुवर्षं या कातळांवर काम केलं आणि २०१३ साली उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या सड्यांचा सविस्तर आढावा मांडला. कातळावर माती बोटभर, कधी तेवढीही नाही. चार महिने पाणीच पाणी, आठ महिने रखरख. मातीत नत्र फार कमी, म्हणून दवबिंदूसारखी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते, आणि सीतेची आसवं आपल्या पाण्यातल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. एवढ्या अडचणीत जगायला शिकलेल्या या वनस्पतींपैकी कित्येक जगात दुसरीकडे कुठे नाहीत. मे महिन्यात सडा पाहणाऱ्याला तो पडीकच वाटणार. सप्टेंबरमध्ये त्याच जागी उभं राहणाऱ्याला तसं म्हणवणार नाही. पुन्हा तेच, टिकून राहायला हवं, परत यायला हवं.

आता नजर डोंगरावरून काढून त्याला पाहणारीकडे वळवू.

रानात रोज जाणारी कोण? लाकूडफाट्याला, भाजीला, मोहाला, पाण्याला? बहुतांशी बाई. आणि विज्ञानाच्या वर्गात? तिथेही मुली कमी नाहीत. भारतात विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. पण प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर पाहिलं तर पाच जणांत एकही बाई धड येत नाही. मुली दारातून आत येतात आणि मधल्या वाटेवर कुठेतरी गळतात. लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासऱ्यांचं आजारपण, रात्री उशिरा परतण्यावरून घरात बोलणी. यांतलं प्रत्येक कारण आपल्याला इतकं ओळखीचं आहे की त्यात विज्ञानाचं काही नुकसान होतं असं वाटतच नाही.

आपल्या ओळखीतली अशी एक आठवा. बी.एस्सी.ला पहिली आलेली, पानं दाबून वह्या भरणारी, आता त्या वह्या माळ्यावर असलेली. घाई करू नका. तिचं नाव मनात येऊ द्या.

१९३३ साली कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तम गुणांनी पास होऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. तिने सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर तिला घेतलं. वर्ष संपलं, तिचं काम पाहून रामन यांचं मत पालटलं आणि पुढच्या मुलींसाठी ते दार उघडलं. त्याच पुढे कमला सोहोनी झाल्या. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांवर, गरिबांच्या रोजच्या अन्नावर काम केलं. आपल्या किनाऱ्यावर ताडाच्या पोईतून जी नीरा निघते, त्या नीरेतल्या पोषणद्रव्यांवर त्यांनी संशोधन केलं. आदिवासी पाड्यांवरच्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना तिचा कसा उपयोग होतो हे त्यातून दिसलं, आणि या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. पाड्यावरच्या मुलाचा प्रश्न प्रयोगशाळेच्या टेबलावर आला, कारण त्या टेबलाशी कमलाबाई उभ्या होत्या. दारातून परत गेलेल्या इतर मुली कोणते प्रश्न घेऊन आल्या असत्या, याचा आपल्याला पत्ताच नाही. हे नुकसान कुठल्या हिशेबात येत नाही, म्हणूनच त्यावर मनन करायचं.

टिकून राहणं काय असतं हे पाहायला लांब जायला नको. १९४५ साली ताराबाई मोडक आणि बालविधवा असलेल्या अनुताई वाघ बोर्डीत आल्या, आणि पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आपलं बालशिक्षणाचं काम वसवलं. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. मूल गुरं राखत असेल, तर शाळा कुरणात भरेल, असं त्यांनी ठरवलं आणि करून दाखवलं. महागडी साधनं नव्हती, म्हणून बिया, पानं, शिंपले, खडे हीच साधनं झाली. बिया वेगळ्या करणारं, पानं जुळवणारं, खडे मोजणारं मूल निरीक्षण आणि वर्गीकरण शिकत होतं, आणि विज्ञान सुरू होतं ते इथूनच. काय जमलं, काय फसलं हे लिहून ठेवत दोघी आयुष्याच्या अखेरपर्यंत या कामात राहिल्या. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर त्यांना मिळालं, कारण उत्तर मिळेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

अशा कामाला नफा नसतो. डोंगरावरचं संशोधन विकायला काही देत नाही. दहा वर्षं एका उतारावरची झाडं मोजली तर हाती येते एक वही. पण पाऊस उशिरा येऊ लागला, फुलं लवकर उमलू लागली, एखादा बेडूक ऐकू येईनासा झाला, हे त्या वहीशिवाय सिद्ध करता येत नाही. म्हणूनच या कामाचा भार बऱ्याच अंशी ना-नफा संस्थांनी उचलला आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. आघारकर संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ साली बायफ स्थापन केली. बायफची माणसं जव्हारच्या डोंगरांत भात, नागली, वरईचे जुने वाण शेतकऱ्यांबरोबर राखत आली आहेत. वाण राखायचं म्हणजे कापणीआधी शेतात फिरून भरदार, निरोगी कणसं हेरायची, ती वेगळी कापायची, सुकवायची, राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून पुढच्या पेरणीपर्यंत जपायची. घरोघरी हे काम बाई करते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी जमवलेल्या गावठी बियाण्यांची बँक देशभर माहीत झाली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली संस्था बायफच. जाणणारी बाई आधीपासून होती. संस्थेने तिच्या जाणण्याला जागा दिली, नोंद ठेवली, आणि ती टिकवली.

आता त्या निवडलेल्या डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर एक मुलगी आहे असं समजा. शेवळं आणि छत्रीसारखं पान एकाच कंदाचं, हे तिला आजीकडून ठाऊक आहे. ती शास्त्रज्ञ व्हायला काय लागेल? हुशारी तिच्याकडे आहेच. मग लागेल तालुक्याला वेळेवर जाणारी एसटी. वसतिगृहात जागा. मराठीतून शिकताना ती अडली तर न हसणारा शिक्षक. रानात सोबतीला विश्वासाची माणसं आणि रानातल्या कामाचे पूर्ण पैसे. लग्नानंतर खंड पडला तर परत येण्याची वाट. अशा परतणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये खास योजना सुरू केली, तिचा आधार घेऊन अनेक जणी प्रयोगशाळेत परतल्या. पण योजनेचा अर्ज भरायला घरातून बाहेर पडावं लागतं, आणि घराचं दार दिल्लीहून उघडत नाही. ते आपणच उघडायचं असतं.

या यादीतल्या एकेका गोष्टीवर थोडा थोडा वेळ थांबा. यांतली कोणती तुमच्या हातात आहे? तुम्ही शिक्षक असाल, तर पुढच्या पावसाळ्यात वर्ग एका टेकडीवर न्या आणि दर महिन्याला त्याच टेकडीवर न्या. तारापूरच्या एखाद्या कारखान्यात समाजकार्याचा निधी तुमच्या सहीने जात असेल, तर एक डोंगर, दहा वर्षं, आणि नोंदी ठेवणाऱ्या त्याच डोंगराच्या पाड्यांवरच्या पगारी मुली, एवढं एक काम हाती घ्या. बाजारात शेवळं घेणार असाल, तर बाईशी भावात घासाघीस करण्याऐवजी ती कुठून आणली आणि यंदा कमी आहेत की जास्त, हे विचारा.

आणि मघाशी जिचं नाव मनात आलं, तिला आज फोन करा. माळ्यावरच्या वह्या खाली काढायला सांगा. घरातली मुलगी किंवा सून रानात, सड्यावर, प्रयोगशाळेत जायला निघाली, तर "किती दिवस चालणार हे?" असं तिला विचारू नका. पुढची फेरी कधी आहे ते विचारा, आणि त्या दिवशी घरचं काम तुम्ही करा.